जादूचं पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं?

कोरेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या सरांचा प्रश्न आहे. यूट्यूबवर बघून त्यांनी पत्त्यांच्या दोन-चार जादू बसवल्या. घरी जमतात, चारचौघांत गडबड होते. आता पुस्तकावरून नीट शिकायचंय आणि वर्गात मुलांना दाखवता येईल असंही काही हवंय. इंग्रजी वाचता येतं, पण सवय नाही. मराठीत काही मिळतं का, आणि हजार-दीड हजारात सुरुवात करायची तर काय घ्यावं?

सर, आधी थेट उत्तर देतो, कारणं नंतर. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर मार्क विल्सन यांचं ‘कम्प्लीट कोर्स इन मॅजिक’ घ्या. १९७५ साली पहिल्यांदा निघालेलं, साडेचारशेहून जास्त पानांचं जाडजूड पुस्तक आहे. पत्ते, नाणी, दोरी, रुमाल, स्पंजचे गोळे, कप आणि गोळ्या, घरी बनवायची साधनं, सगळं एका ठिकाणी, आणि पायरीपायरीला रेखाचित्र. तुमच्या पैशातला मोठा वाटा तेच खाईल, खाऊ द्या. जोडीला मार्टिन गार्डनर यांचं १९५६ चं ‘मॅथेमॅटिक्स, मॅजिक अँड मिस्टरी’. हे मी सगळ्यांना सांगत नाही, तुम्ही शिक्षक आहात म्हणून सांगतोय. पत्त्यांचीच ओढ असेल तर कार्ल फल्व्ह्ज यांचं ‘सेल्फ-वर्किंग कार्ड ट्रिक्स’, आणि ते पचल्यावर ह्युगार्ड आणि ब्राऊ या जोडीचं ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’. पहिल्या वर्षाला एवढं पुरे. याच्या पुढची यादी कुणी दिली तर घ्या, पण घडी घालून ठेवून द्या.

आता कारणं. मी साताऱ्यात शाळांत, वाढदिवसांना, गणपतीत कार्यक्रम करतो. कार्यक्रम संपून पेटी भरायला घेतली की कुणीतरी येऊन म्हणतंच, ‘जादूचं एखादं पुस्तक सांगा की.’ विचारणाऱ्याला बहुतेक वेळा हवं असतं गुपितांचं पुस्तक. दुकानात, स्टँडवर जी ‘शंभर जादू’, ‘दीडशे जादू’ छापाची पुस्तकं दिसतात ती याच गिऱ्हाइकासाठी काढलेली असतात. एका पानावर दोन जादू, प्रत्येकीला आठ ओळी, शेवटी ‘आणि प्रेक्षक थक्क होतील’. त्यात लिहिलेलं खोटं नसतं. पण गुपित सांगणं वेगळं आणि जादू शिकवणं वेगळं. पुस्तक निवडताना बघायची गोष्ट ही एवढीच, आणि ती बघायला पाच मिनिटं लागतात.

एक उदाहरण घेऊन सांगतो. तुम्ही पत्ते हाताळता, त्यामुळे ओळखीच्या पानाची जादू तुम्हाला बहुतेक माहीत असेल. स्वस्तातल्या पुस्तकात ती अशी येते: ‘कॅटमधलं सर्वांत खालचं पान गुपचूप बघून ठेवा. प्रेक्षकाला एक पान काढायला सांगा. ते कॅटच्या वरच्या अर्ध्या भागावर ठेवून घ्या आणि खालचा भाग त्यावर ठेवा. आता पानं उलटत जा, तुमच्या ओळखीच्या पानानंतर येईल ते प्रेक्षकाचं.’ झालं. यातला एकही शब्द चूक नाही. आणि हे वाचून चारचौघांत उभं राहिलात तर तुमची जी गडबड होते तीच होणार.

कारण प्रश्न पुढंच आहेत. खालचं पान बघायचं कधी? कॅट हातात घेतल्यावर मान वाकडी करून बघितलं तर समोरचं पोरगंसुद्धा ओळखतं. चांगलं पुस्तक सांगतं की पत्ते पिसून झाल्यावर कॅट टेबलावर आपटून सारखा करतो ना, तेव्हा तो आपसूक थोडा आपल्याकडं झुकतो. त्या क्षणी पान दिसतं. नजर जाऊन लगेच वर यायला हवी, आणि वर येताना समोरच्याला काहीतरी विचारायचं: ‘पत्ते खेळता का हो कधी?’ माणूस उत्तर देताना तुमच्या तोंडाकडं बघतो, हाताकडं नाही. मग पान काढलं की ते शेजारच्यालाही दाखवायला सांगायचं. हे शिष्टाचार म्हणून नाही. दहातला एक माणूस गडबडीत आपलंच पान विसरतो आणि शेवटी ‘हे नव्हतं माझं’ म्हणतो. शेजाऱ्यानं बघितलेलं असलं की निभावतं.

पुढं, पान आत गेल्यावर प्रेक्षकाला कॅट काटायला द्यायचा की नाही? द्यायचा, एकदा सोडून तीनदा द्यायचा. वरचा भाग उचलून खाली ठेवायचा, असं कितीदा काटलं तरी दोन शेजारची पानं शेजारीच राहतात. अपवाद एकच: काटणारा नेमका त्या दोघांच्या मधून काटतो. तेव्हा तुमचं ओळखीचं पान तळाला जातं आणि प्रेक्षकाचं सगळ्यात वर येतं. म्हणून उलटताना पहिलं पान कोणतं आलं ते ध्यानात ठेवायचं; ओळखीचं पान थेट शेवटी निघालं तर उत्तर ते पहिलं पान. पण पिसायला मात्र द्यायचं नाही. प्रेक्षकानं कॅट पिसायला मागितला तर काय म्हणायचं, याचीही तयारी हवी.

आणि शेवट. ओळखीचं पान आलं, पुढचं पान उलटलं, ‘हे तुमचं’ म्हटलं, लोक ‘हां’ म्हणतात आणि चहाकडं वळतात. याच जादूचा जुना शेवट वेगळा आहे. त्यांचं पान उलटून टेबलावर पडलं तरी थांबायचं नाही, आणखी चार-पाच पानं उलटत जायचं. बघणाऱ्यांना वाटतं की गडी चुकला. कोपरखळ्या सुरू होतात. मग पुढचं पान हातात घेऊन, न उलटता, म्हणायचं, ‘आता मी जे पान उलटीन ते तुमचं.’ सगळ्यांची नजर हातातल्या पानावर. ते खाली ठेवायचं आणि टेबलावर पडलेलं त्यांचं पान उचलून पालथं करायचं. जादू तीच, गुपित तेच, पण आता ती लक्षात राहते.

बघा, गुपित चार वाक्यांत संपलं होतं, बाकीचं सगळं शिकवणं होतं. म्हणून पुस्तक हातात घेतलं की अनुक्रमणिका बघू नका, किती जादू आहेत ते मोजू नका. मधलंच कुठलं तरी पान उघडा, एक जादू पूर्ण वाचा आणि बघा: हात कुठं आहेत ते सांगितलंय का, त्या वेळी तोंडानं काय बोलायचं ते सांगितलंय का, प्रेक्षक कुठल्या बाजूला नसावा ते सांगितलंय का, फसलं तर काय करायचं ते सांगितलंय का. चारातली दोन जरी सापडली तरी पुस्तक घ्यायच्या लायकीचं. फल्व्ह्जच्या पुस्तकात ७२ जादू आहेत, म्हणजे संख्या काही कमी नाही; पण एकेक जादू सुटी करून नीट मांडलेली आहे.

फल्व्ह्जबद्दल एक सावधगिरी. हातचलाखी न करता आपोआप जमणाऱ्या जादूंमध्ये बऱ्याच जादू पानं मोजण्याच्या असतात. आपल्याकडं प्रत्येक घरात एखाद्या मामाला एकवीस पानांची जादू येतेच: सात-सात पानांच्या तीन रांगा, तीनदा वाटप, शेवटी अकरावं पान. पहिल्यांदा बरी वाटते, पण वाटप बघता बघता माणसं जांभया देतात. तेव्हा फल्व्ह्जमधून निवडताना ज्यात वाटप कमी आणि बोलायला वाव जास्त अशाच निवडा. पुस्तकात आहे म्हणून सगळ्या करायच्या असं काही नसतं.

आता तुमच्या वर्गाचा प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्या निवडीत हाच सगळ्यात महत्त्वाचा. सर, शाळेत पत्ते नकोत. पत्त्यांत वाईट काही नाही, पण गावाकडं पत्ते म्हटलं की पारावरचा जुगार आठवतो. पोरगं घरी जाऊन ‘सरांनी आज पत्ते आणले होते’ एवढंच सांगणार, जादूचं नाव काढणारही नाही. दुसऱ्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीतलं कुणीतरी दारात उभं. शिवाय पस्तीस-चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरून बदाम आहे की चौकट हे दिसतच नाही. म्हणूनच तुम्हाला पहिलं पुस्तक पत्त्यांचं सुचवलं नाही. विल्सनच्या पुस्तकातला दोरीचा भाग मात्र वर्गासाठीच लिहिल्यासारखा आहे. दोरी कापायची, गाठ मारायची, पुन्हा सबंध करून दाखवायची. मागच्या भिंतीपर्यंत दिसतं आणि खर्च जवळपास नाहीच.

दोरीचं एक पुस्तकात वाचून पटकन लक्षात न येणारं सांगतो. सुतळी चालत नाही, तिचे धागे निघतात आणि ती ताठ असते. नायलॉनची घसरते, गाठ धरत नाही. पांढरी सुती विणलेली दोरी घ्या, बोटाएवढी जाड. बऱ्याच दोऱ्यांच्या आत धाग्यांचा गाभा असतो. दीड मीटरचा तुकडा कापून घ्या आणि टोकाशी आतला गाभा चिमटीत धरून सगळा ओढून काढा. मग दोरी मऊ पडते, बोटांत पाहिजे तशी वळते, आणि पुस्तकातलं चित्र आणि तुमचा हात एकसारखे दिसायला लागतात. गाभ्यासकट दोरी घेऊन बसलात तर पुस्तकाला नावं ठेवाल. कात्री नवी आणि धारदार ठेवा. मुलांसमोर बोथट कात्रीनं दोरी चघळत बसण्यासारखं केविलवाणं दुसरं काही नाही.

गार्डनरचं पुस्तक तुम्हाला यासाठी की त्यातली जादू म्हणजे गणितच. पत्ते, फासे, आकडे, कागदाच्या आकृत्या, सगळ्यांमागं कारण आहे आणि ते कारण त्यांनी समजावून दिलंय. नमुना म्हणून फाशांचा मनोरा घ्या. एका मुलाला तीन फासे एकावर एक रचायला सांगा, तुम्ही पाठ करून उभे. वळा, एक नजर टाका आणि सांगा की जी पाच बाजू दिसत नाहीत, म्हणजे फाशांच्या मध्ये दडलेल्या आणि तळाची, त्यांची बेरीज इतकी. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते. तीन फाशांची झाली एकवीस. त्यातून वर दिसणारा आकडा वजा केला की उत्तर. वर चार असेल तर सतरा. तिसरी-चौथीच्या मुलालाही दोन-तीनदा करून बघितल्यावर उमगतं. फक्त बाजारातले स्वस्त फासे आधी तपासून घ्या. काहींवर ठिपके वाटेल तसे छापलेले असतात आणि समोरासमोरची बेरीज सात येत नाही.

आणि पत्त्यांची हौस वर्गात भागवायची असेल तर तीही वाट आहे. हजेरीपटावरच्या नावांची कार्डं करा, व्हिजिटिंग कार्डाएवढी. जाड कार्डशीट झेरॉक्सवाल्याकडून एकसारखी कापून घ्या. नावं बॉलपेननं लिहा किंवा छापून घ्या; मार्करनं लिहिलीत तर शाई पाठीमागं उमटते आणि सगळा वर्ग तुमच्या आधी नाव सांगतो. वर सांगितलेली ओळखीच्या पानाची जादू या कार्डांवर जशीच्या तशी होते. ज्याचं नाव निघतं त्याला उभं करायचं. पत्त्यातल्या बदामच्या राणीपेक्षा वर्गातल्या पोराचं नाव निघालं की दंगा जास्त होतो.

मराठीतल्या पुस्तकांचं विचारलंत. मराठीत या नावाखाली जे मिळतं ते साधारण तीन तऱ्हेचं असतं. पहिली तऱ्हा वर सांगितली, गुपितांची. त्यातल्या रसायनांच्या प्रयोगांपासून लांब राहा. ‘मंत्रानं अग्नी पेटवणे’ म्हणून पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकायला सांगितलेलं असतं. ते खरंच पेटतं, पण कधी पेटेल ते पावडर किती बारीक, हवा किती गार यावर असतं. पेटत नाही म्हणून माणूस वाकून बघतो आणि तेव्हाच पेटतं. वर्गात तर मुळीच नको. दुसरी तऱ्हा ‘इंद्रजाल’ वगैरे नावांची. त्यात हातचलाखी नसते, मंत्र-तंत्र, वशीकरण, ताईत असतात. नावाला भुलून पैसे घालवू नका.

तिसरी तऱ्हा चमत्कारांमागचं विज्ञान सांगणारी, आणि तिचं आपल्या गावाशी नातं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तेव्हापासून समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागची युक्ती उघड करतात. त्या विषयावरची मराठी पुस्तकं, पुस्तिका जरूर वाचा, शिक्षक म्हणून तर वाचाच. पण त्यांचा हेतू फसवणूक उघडी पाडण्याचा आहे, करमणूक शिकवण्याचा नाही. युक्ती कळते, ती रंगवायची कशी हे त्यात नसणारच, आणि नसावंही. गंमत म्हणजे इंग्रजीत हातचलाखीचा खुलासा करणाऱ्या सगळ्यात जुन्या पुस्तकांपैकी एक, रेजिनाल्ड स्कॉट यांचं १५८४ चं, तेही याच कामासाठी लिहिलेलं होतं. चेटकीण म्हणून माणसांना छळू नका, हे बघा जत्रेतला गारुडी नाण्याची आणि गोळ्यांची फसवणूक कशी करतो, असं सांगायला. म्हणजे आपला धंदा आणि दाभोलकरांचं काम यांची चूल फार पूर्वीपासून शेजारी-शेजारी आहे.

काही जण घाबरून विचारतात की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात आपण सापडणार नाही ना. नाही. त्याचा रोख चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणाऱ्यांवर आहे. आपण सुरुवातीलाच सांगायचं की ही हातचलाखी आहे, आणि खरंच तसंच वागायचं. म्हणून तुम्हाला मनातलं ओळखण्याची पुस्तकं सध्या नको म्हणतो. कोरिंडा यांचं ‘थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम’ त्यातलं नावाजलेलं आहे, उत्तमही आहे. पण गावात मास्तरांनी एकाच्या मनातला आकडा ओळखला की आठ दिवसांत कुणीतरी ‘आमची म्हैस हरवलीय, जरा बघा की’ म्हणून येतं. मला असे फोन येतात. चार वेळा ‘अहो, ती युक्ती होती’ म्हटलं तरी समोरच्याला तो माझा विनय वाटतो. शिक्षकाला हे परवडणारं नाही.

इंग्रजीची भीती मात्र सोडा. या पुस्तकांतलं इंग्रजी पाककृतीच्या पुस्तकासारखं असतं: हे उचला, तिकडं ठेवा, अंगठ्यानं दाबा. वाक्यं छोटी आणि शब्द तेच ते. अडचण भाषेची नसते, दोन्ही हात गुंतलेले असताना वाचायचं कसं याची असते. एक हात पत्त्यात, एक दोरीत आणि पुस्तक मिटतंय. मी सांगतो ती युक्ती करा: जादू आधी नुसती वाचून काढा. मग पायऱ्या स्वतःच्या मराठीत, हळूहळू, मध्ये थांबत मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा. ‘डाव्या हाताची मधली दोन बोटं दोरीच्या मागं... आता उजव्या हातानं खालचं टोक...’ असं. मग ते ऐकत करा. कुठं अडखळता तिथंच तुम्हाला इंग्रजी वाक्य नीट कळलेलं नसतं, तेवढंच परत वाचा. डावखुरे असाल तर रेकॉर्ड करतानाच डावं-उजवं उलट करून टाका, ही पुस्तकं उजव्या हाताचा माणूस धरून लिहिलेली असतात.

बोलायच्या वाक्यांचं मात्र भाषांतर करू नका. इंग्रजी पुस्तकातला जादूगार ‘लेडीज अँड जंटलमेन’ करत येतो. तुमच्या वर्गात तुम्ही बोलता तसंच बोला. ‘ए, तू रे, मघापासून खिडकीतून बघतोस, ये इकडं, धर दोरी.’ बोलणं असं आपलं असलं की हातही आपोआप मोकळे होतात. चारचौघांत तुमची गडबड होते तिचं मोठं कारण मला हेच वाटतं. यूट्यूबवरच्या माणसाचे हात उचलले, त्याबरोबर त्याचा वेग आणि त्याची वाक्यंही आली, आणि ती तुमच्या तोंडात बसत नाहीत. पुस्तकात समोर कुणी नसतं, त्यामुळे कशी करायची हे तुम्हालाच ठरवावं लागतं. व्हिडिओ वाईट नाही. दोन पानं एक म्हणून उलटण्यासारखी हालचाल आधी वाचा, चार दिवस करा, मग व्हिडिओ बघा. तेव्हा काय बघायचं ते कळतं.

फुकटच्या जुन्या पुस्तकांचा मोह होईल. प्रोफेसर हॉफमन यांचं १८७६ चं ‘मॉडर्न मॅजिक’, एर्डनेस यांचं १९०२ चं ‘द एक्स्पर्ट अॅट द कार्ड टेबल’, दोन्हींचा हक्क संपलाय, इंटरनेटवर रीतसर फुकट मिळतात. हॉफमन वाचायला मजा येते, पण त्यातला जादूगार लांब शेपटीच्या कोटात असतो आणि त्या कोटाला मागं चोरखिसे असतात. आपण अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. एर्डनेस म्हणजे तर पत्त्यांच्या डावातल्या लबाडीचा ग्रंथ, लेखक नेमका कोण हे आजही नक्की ठरलेलं नाही. थोर पुस्तक, पण नवशिक्यानं ते घेतलं की महिनाभरात पत्ते कपाटात जातात. आणखी पाच-सहा वर्षांनी उघडा.

‘रॉयल रोड’ घ्याल तेव्हा ते क्रमानंच करा. त्याची रचनाच तशी आहे: एक हालचाल शिकवायची, मग तीच वापरून होणाऱ्या जादू. सुरुवात साध्या पिसण्यापासून. साधं पिसणं काय शिकायचं म्हणून लोक ते पहिलं प्रकरण ओलांडतात आणि मागच्या अवघड प्रकरणांत जाऊन अडकतात. पत्ते कागदाचे, वर लेप असलेले घ्या. पूर्ण प्लास्टिकचे फार घसरतात. पोकरच्या मापाचं पान ६३ मिलिमीटर रुंद असतं, ब्रिजचं ५७. पुस्तकांत बहुधा पोकरचं माप धरलेलं असतं, पण हात लहान असेल तर ब्रिजचंच बरं. साताऱ्याच्या पावसाळ्यात पत्ते दमट होऊन चिकटतात, डबीतून बाहेर ठेवू नका.

नाण्यांचा नाद लागला तर बोबो यांचं १९५२ चं ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ आहे. पण ते अमेरिकन अर्ध्या डॉलरवर लिहिलेलं आहे, ३०.६ मिलिमीटरचं नाणं. आपलं दहाचं नाणं २७ चं. तळहातात नाणं दडवायला तो तीन-चार मिलिमीटरचा फरक भारी पडतो, अन् माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो. सराफाकडं जुना इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया मिळाला तर बघा: ३०.५ मिलिमीटर, कडेला खाचा, वजन साडेअकरा ग्रॅमच्या वर. अर्ध्या डॉलरचा जुळा भाऊच. आजीच्या पेटीत एखादा असला तर विचारून घ्या, चांदीचे भाव बघता विकत घेणं जड जाईल.

पुस्तक वाचनालयातून आणू नका. नगरवाचनालयाचा सभासद मीही आहे, आणि भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय तिथं जाऊन बसायलाही आवडतं, पण जादूचं पुस्तक आठ-पंधरा दिवसांत परत करायचं नसतं. ते महिनोन् महिने टेबलावर उघडं राहतं, चहाचे डाग पडतात, समासात पेन्सिलीनं लिहावं लागतं. विकतच घ्या. ऑनलाइन मागवताना एवढं बघा की प्रत मूळ प्रकाशनाची आहे. काही ठिकाणी झेरॉक्स काढून बांधलेल्या प्रती विकतात. चित्रं काळवंडलेली असतात, बोट कुठलं आणि पान कुठलं कळत नाही, आणि या पुस्तकांत निम्मं शिकवणं चित्रात असतं. पुण्याला जाणं होत असेल तर अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत विचारून बघा, फक्त मधली पानं गळालेली नाहीत ना ते चाळून घ्या.

आता मुलं मागं लागतील, ‘सर, सांगा ना कसं केलं.’ फाशांचं सांगा, पण लगेच नको, दोन दिवस डोकं खाजवू द्या. एखादी पोरगी आपणहून शोधून काढील, तिलाच फळ्यावर बोलवा. नावांच्या कार्डांची युक्ती वर्षाअखेरीस सांगितली तरी चालेल, तोवर तुमची दुसरी कुठली तरी जादू बसलेली असेल. दोरीचं सांगू नका.